सुनेचा कायमचा पत्ता

नाव लिहून झालं, वडिलांचं नाव झालं, जन्मगाव झालं, आणि 'सध्याचा पत्ता' या रकान्यापाशी येऊन गजभियांचं अख्खं घर अडलं ते अडलंच.

फॉर्म होता भारताच्या नागरिकत्वाचा आणि तो भरत होती संदुनी, प्रेमानंद गजभियांची सून. संदुनी श्रीलंकेची, कँडीकडच्या एका खेड्यातली. नागपूरला ती पाली शिकायला आली. त्याच वर्गात मागच्या बाकावर प्रेमानंदांचा अश्विन बसायचा. अश्विनला पाली शेवटपर्यंत आली नाही, पण संदुनी घरी आली. मराठी ती शिकली सासूकडून, म्हणजे प्रेमिलाबाईंकडून, नागपूरजवळच्या खापा गावातल्या स्वयंपाकघरात. त्यामुळे तिची मराठी अशी काही खाप्याची झाली की धरमपेठेतल्या भाजीवाल्याशी ती बोलायला लागली की अश्विनच ओशाळून पिशवी धरून लांब उभा राहायचा.

आता तुम्ही म्हणाल, इतकं सगळं सुरळीत होतं तर नागरिकत्वाची घाई कशाला? घाई झाली ती भज्यांमुळे. दर निवडणुकीला घरचे सगळे सकाळी नटूनथटून मतदानाला जायचे, बोटाला शाई लावून यायचे, एकमेकांना बोटं दाखवायचे, आणि संदुनी घरी थांबून त्यांच्यासाठी भजी तळायची. मागच्या खेपेला तिनं ताट असं काही ठेवलं की दोन भजी उडून प्रेमानंदांच्या चहात पडली. "मी का फक्त भजे तळाले आहो का या देशात?" ती म्हणाली. "मले बी शाई पाह्यजे." आणि स्वतःच आत जाऊन रडली. भजी त्या दिवशी कोणाच्याच घशाखाली उतरली नाहीत. लग्नाला आणि इथे राहण्याला कायद्याला हवीत तितकी वर्षं झालीच होती. फॉर्म आणला.

आणि पत्त्यापाशी अडला. कारण गजभियांना पत्ते होते तीन. अश्विन-संदुनीचा नागपुरात धरमपेठेतला भाड्याचा फ्लॅट, जिथे ती दोघं आठवडाभर राहत. खाप्याचं घर, प्रेमानंदांनी रिटायर झाल्यावर हौसेनं बांधलेलं, जिथे शुक्रवार संध्याकाळच्या बसनं दोघं येत आणि सोमवारी सकाळी तोंड पाडून जात. आणि नागपूरच्याच इतवारीतली खोली, प्रेमानंदांच्या वडिलांनी कधीकाळी भाड्यानं घेतलेली, जिथे कोणीच राहत नव्हतं, पण सगळ्या घराचे कागदपत्र मात्र राहत होते.

प्रेमानंदांची उभी नोकरी सरकारी खात्यात आवक-जावक टेबलावर गेली. कागद कुठून आला आणि कुठे गेला, यापलीकडे माणसाच्या आयुष्यात काही नसतं असं त्यांचं ठाम मत होतं. "कागदाचं नशीब पत्त्यात असते," ते म्हणाले. "पत्ता चुकला की कागद गेला. असा निर्णय घाईत घेत नाईत." मग त्यांनी तिन्ही पत्त्यांचे गुण-दोष सांगायला सुरुवात केली, आणि खाप्याची पाळी आली तेव्हा नुसते दोषच सांगितले. गाव लहान पडते. लाईट जाते. पोलीस चौकशीला येईल आन घंटीच वाजणार नाई.

प्रेमिलाबाई आतून लसूण सोलता सोलता ऐकत होत्या. नवऱ्याला त्या पुरत्या ओळखून होत्या. या माणसाला मनातून खाप्याचाच पत्ता पाहिजे होता. इतका पाहिजे होता की तो स्वतःच्या तोंडून म्हणायची त्याला लाज वाटत होती. 'बाबा, लाईट जाऊ द्या, मले तुमच्याच घरचा पत्ता पाह्यजे,' असं सुनेनं म्हणावं म्हणून हा गडी स्वतःच्या घराची नालस्ती करत बसला होता. संदुनीनं मात्र सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "बरं बाबा." प्रेमानंदांचा चेहरा पडला. अश्विनला काहीच कळलं नाही, पण ते नेहमीचंच होतं.

म्हणून आधी धरमपेठ. तिथले घरमालक काका फार सज्जन गृहस्थ. संदुनीच्या हातची खोबऱ्याची तिखट चटणी त्यांना इतकी आवडायची की वाटी परत करताना ते धुऊन देत नसत, पुसून खाऊन देत. पण 'ही माझ्या घरात राहते' एवढं लिहून द्या म्हटल्याबरोबर त्यांचा रक्तदाब वाढला. "अहो, मुलगी गुणाचीच आहे हो," ते म्हणाले, "पण पोलीस येणार, लिफ्टनं वर येणार, चार लोक बघणार. सोसायटीत चर्चा होते. तुम्ही असं करा ना, पत्ता दुसरीकडचा द्या आणि राहा इथेच." प्रेमानंदांनी त्यांना कायदा समजावून सांगितला. काकांनी तो मान डोलावत ऐकला आणि बीपीची गोळी घेतली.

मग इतवारी. इतवारीच्या खोलीखाली मारोतरावांचं भांड्यांचं दुकान. मारोतराव म्हणजे प्रेमानंदांचे लहानपणापासूनचे दोस्त. खोलीवर येणारं गजभियांचं टपाल ते गल्ल्याखाली जपून ठेवत. "पत्ता इतवारीचाच टाक गा," मारोतराव म्हणाले. "इतवारीच्या पत्त्याले वजन असते. तो धरमपेठचा पत्ता का, दर अकरा महिन्यानं बदलते!"

हे प्रेमानंदांना पटलं. पण टेबलावरचा माणूस, स्थळपाहणी केल्याशिवाय कागद पुढे ढकलणार कसा? "मी वर जाऊन येतो," ते म्हणाले. "वर काहून जातं?" मारोतराव एकदम गडबडले. कारण असं की गेल्या काही वर्षांत त्यांनी जिन्यावर दोन-चार गंज ठेवले होते. गंज म्हणजे आपली पातेली. मग दोन-चार परातीही ठेवल्या, मग घमेली, मग लग्नसराईचा माल. आता जिना असा राहिलाच नव्हता. भांड्यांची एक चढण होती, आणि तिच्या टोकाला, सरकारदरबारी, गजभिये कुटुंब राहत होतं.

प्रेमानंद आडवे होऊन चढले. अर्ध्यावर गेले तेव्हा त्यांचा पाय एका परातीत पडला. पुढचा आवाज पार चौकापर्यंत ऐकू गेला म्हणतात. हातगाडीवाले थांबले, टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवायचं सोडलं. आवाज शमला तेव्हा प्रेमानंद गजभिये, सेवानिवृत्त, जिन्याच्या पायथ्याशी मांडीवर एक मोठा गंज घेऊन बसले होते. सोबत आलेले संदुनी आणि अश्विन धावले, पण त्यांच्या आधी एक बाई पोचली.

"हा गंज केवढ्याचा, भाऊ?"

"मी दुकानदार नाई बाई," प्रेमानंद उरलासुरला आब गोळा करून म्हणाले. "मी वरच्या खोलीचा भाडेकरू आहो."

"मंग गंज काहून धरून बसले?"

दुकानातून मारोतराव ओरडले, "प्रेमा, त्या बाईले थांबव बे, मी आलो!" बाईंनी तो गंज घेतलाही. प्रेमानंदांच्या मांडीवरूनच उचलला.

संध्याकाळी खाप्याला ते पालथे पडून होते आणि प्रेमिलाबाई कमरेला बाम चोळत होत्या, जरा गरजेपेक्षा जोरात. संदुनी चहा घेऊन आली. कप ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

"बाबा, एक विचारू का? खाप्याचा पत्ता काहून नाई चालत?"

"चालते ना. पन तिथं लाईट—"

"लाईट धरमपेठले बी जाते." तिनं कपाची बशी उगाच सरळ केली. "मले वाटलं, तुमाले तुमच्या घरावर माझं नाव नको आहे. म्हून मी गुपचूप रायली."

प्रेमानंद उठून बसायला गेले, कमरेत कळ आली, पुन्हा आडवे झाले. उशीत तोंड ठेवूनच ते म्हणाले, "अवं बेटा, तू म्हनशीन म्हून तं मी वाट पाहून राह्यलो होतो. मी म्हटलं असतं तं तुयावर जबरदस्ती झाली असती ना."

"दोघं बी बह्याड," प्रेमिलाबाई म्हणाल्या आणि बामाचं झाकण लावलं. "आन माह्या हातात हा वास."

रकाना भरला गेला. मुक्काम पोस्ट खापा. प्रेमानंदांनी तो शब्द तीनदा वाचला आणि चष्मा पुसला.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण आनंदाच्या भरात प्रेमानंदांनी एक घोळ करून ठेवला. अर्ज गेला म्हणजे पोलीस चौकशी होणार, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारणार, हे त्यांना माहीत होतं. म्हणून कंबर सुधारताच ते दारोदार गेले. शेजारच्या वच्छलाबाईंना सांगितलं, कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर लहानूला सांगितलं, दिसेल त्याला सांगितलं. "पोलीस विचाराले येतीन. आपली सून आहे, आपलीच म्हून सांगजा."

एवढंच सांगितलं. अर्ज कशाचा आहे, कोणाला काय द्यायचं आहे, हे सांगायचं राहिलं. आणि पोलीस एखाद्याबद्दल विचारायला आला, की आपल्या माणसाला पाठीशी घालायचं, हे खाप्यात कोणाला शिकवावं लागत नाही.

प्रेमानंद रोज इस्त्रीचा शर्ट घालून ओसरीवर बसत. ज्या दिवशी ते आणि प्रेमिलाबाई सावनेरला एका नामकरणाला गेले, नेमके त्याच दिवशी पोलीस ठाण्याचे जमादार आले. घराला कुलूप. म्हणून ते पानठेल्यावर गेले.

"इथं कोणी श्रीलंकेची बाई राहते का?"

"श्रीलंकेची?" लहानूनं चुना लावता लावता गाव आठवून पाहिल्यासारखं केलं. "नाई जी. इथं सप्पा खाप्याचेच आहेत."

"गजभियांकडं?"

"ते तं त्यायची सून! आपलीच पोट्टी आहे साहेब. लहानपनापासून पाहून राह्यलो."

जमादार वच्छलाबाईंकडे गेले. त्यांनी तर कमालच केली. "विदेशी? कोन म्हनते? नाव सांगा त्याचं! माह्या मांडीवर खेळली हाये ते." संदुनी खाप्याला आली तेव्हा चांगली पदवीधर होती, पण मायेला कुठे हिशेब असतो. वच्छलाबाईंनी तिच्या दातांचीसुद्धा हकीकत सांगितली, आधी खालचे आले की वरचे. शेवटी जमादारांना चहा पाजला. जमादार कर्तव्याला चोख. ऐकलं ते लिहिलं.

कलेक्टर ऑफिसमधून बोलावणं आलं. प्रेमानंदांना वाटलं, झालं काम, म्हणून संदुनीसोबत ते पेढे घेऊन गेले. साहेब तरुण होते, अदबीनं बोलणारे. त्यांनी खुर्ची दिली आणि अहवाल वाचून दाखवला. "'सदर पत्त्यावर कोणीही परदेशी व्यक्ती राहत नसून अर्जदार ही लहानपणापासून मौजे खापा येथेच वाढली असल्याचे शेजाऱ्यांनी सांगितले.'"

पेढ्यांचा पुडा प्रेमानंदांनी हळूच पिशवीत परत घातला.

"काका, माझी अडचण समजून घ्या," साहेब म्हणाले. "नागरिकत्व परदेशी माणसाला देतात. त्यासाठी आधी माणूस परदेशी लागतो."

"अवो साहेब, मी खरंच तिकडची आहो जी!" संदुनी घाबरून म्हणाली. "पासपोर्ट पाहा ना! माय शपथ!"

साहेबांनी पासपोर्ट पाहिला, संदुनीकडे पाहिलं, आणि कपाळाला हात लावला. "मॅडम, तुम्ही कृपा करून बोलू नका. तुम्ही बोलल्या की माझा या अहवालावर विश्वास बसून राहिला आहे." पण माणूस भला. फेरचौकशी लावून देतो म्हणाले. "या वेळी मात्र शेजाऱ्यांनी खरं सांगितलं पाहिजे. नाहीतर अर्ज गेला समजा."

संदुनी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली होती. "बाबा, आपून मरून जाऊ, पन शाई नाई लागनार मले," एवढंच ती म्हणाली. घोळ प्रेमानंदांचा होता.

म्हणून ते पुन्हा दारोदार गेले, उलट निरोप घेऊन. "पोलीस येतीन. सून विदेशी आहे म्हून सांगजा."

आता तुम्हीच सांगा, महिन्याभरापूर्वी 'आपलीच म्हणा' सांगणारा माणूस आज 'परकी म्हणा' सांगत फिरतो, तर लोकांनी काय समजावं? खाप्यानं समजायचं ते समजलं. गजभिये सुनेला घराबाहेर काढून राहिले! लहानूनं त्यांना पान लावून द्यायचं बंद केलं. "कात संपला," तो म्हणायचा, समोर काताचं भांडं भरलेलं असताना. देवळाच्या पारावरची माणसं ते आले की गप्प होत. उभ्या आयुष्यात ज्यांनी ऑफिसातली टाचणी घरी आणली नाही, ते प्रेमानंद आता गावात मान खाली घालून चालू लागले. वच्छलाबाईंनी तर ओसरीवर येऊन सुनावलं. "लाज नाई वाटत? एवढी गुनाची पोरगी! मी काहून म्हनू तिले परकी? जीव गेला तं म्हननार नाई!" प्रेमानंदांनी अर्जाचं सगळं समजावलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "ते कागदाचं मले नका सांगू. कागदासाठी कोनी आपल्या लेकीले नाई म्हनते का?"

जमादार दुसऱ्यांदा आले तो शनिवार होता. ओसरीवर सगळे जमले. लहानू ठेला बंद करून आला होता. जमादारांनी कागद गुडघ्यावर घेतला.

"बोला मावशी. ही बाई कुठची?"

"खाप्याची," वच्छलाबाई म्हणाल्या.

"मावशी, तुमी अशाच म्हनत राह्यल्या तं तिचंच नुकसान आहे."

"मंग होऊ द्या. मी खोटं बोलत नाई."

जमादार हताश होऊन पेनाचं टोपण लावू लागले. संदुनी खांबाला टेकून उभी होती, रडायच्या बेतात. तेवढ्यात तिचा फोन वाजला. आईचा होता, तिकडून. एरवी ती असा फोन आला की मागच्या खोलीत जायची. त्या दिवशी पाय उचललेच नसतील. तिथेच तिनं तो घेतला.

आणि ती सिंहलीत बोलू लागली. ओसरीवरच्या कोणी ती भाषा कधी ऐकली नव्हती. भरभर, मऊ, मध्येच गाण्यासारखी चढणारी. आवाजही तिचा वेगळाच झाला, लहान पोरीचा. ती हसली, मग तिचं हसणं थांबलं, मग बराच वेळ तिनं नुसतं ऐकून घेतलं आणि पदरानं डोळे पुसले. लहानू तोंडातलं पान चावायचं विसरला.

फोन ठेवल्यावर प्रेमानंदांनी विचारलं, "काय म्हनून राह्यली तुयी आई?"

"विचारून राह्यली," संदुनी म्हणाली, "इकडचा कागद भेटला म्हंजे तिकडचा वापस करा लागते ना. मंग लेक माहेरी व्हिसा काढून येते का म्हने."

तीन पत्ते प्रेमानंदांनी उलटेपालटे करून पाहिले होते, जिन्यावरून पडले होते, पण चौथाही एक पत्ता आहे, समुद्रापलीकडे, जो ही पोरगी खोडून टाकणार आहे, याचा विचार त्यांच्या मनात एकदाही आला नव्हता. स्वतःची त्यांना फार लाज वाटली.

वच्छलाबाई उठल्या. संदुनीचा चेहरा दोन्ही हातांत धरून त्यांनी नीट पाहिला, जणू नवीनच बघत होत्या. "एवढ्या दूरची हायेस वं माय तू?" त्या म्हणाल्या. "आन आमाले कधी समजूच देलं नाई." मग जमादारांकडे वळल्या. "लिहा साहेब. दूरची हाये. भल्ली दूरची हाये. पन आमची हाये."

"दूरची लिहितो मावशी," जमादार म्हणाले. "'आमची' लिहाले रकाना नाई."

"आहे ना," प्रेमानंद म्हणाले. आयुष्यभराची नोकरी त्यांच्या कामी आली ती त्या एका क्षणी. "खाली शेरा म्हून जागा असते. तिथं लिहा."

जमादारांनी शेऱ्यात लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून लहानूकडचा कात परत आला.

फाईल मग कुठे कुठे फिरली ते तिचं तिला माहीत. फिरून आली मात्र नीट, पत्त्यावर. संदुनीनं शपथ घेतली, मतदार यादीचा फॉर्म भरला. त्यातही पत्ता विचारला होता. तो तिनं कोणालाही न विचारता लिहिला. आणि नगरपरिषदेच्या निवडणुकीला खाप्यातल्या शाळेत जाऊन मत देऊन आली. सोबत वच्छलाबाई होत्या. रस्त्यानं भेटेल त्याला संदुनीचं बोट त्याच वर करून दाखवत होत्या.

घरी आली तेव्हा स्वयंपाकघरात धूर होता. प्रेमानंद पहिल्याच रांगेत मतदान उरकून आले होते आणि प्रेमिलाबाईंना बाहेर बसवून स्वतः कढईपाशी उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा. संदुनीनं आईला व्हिडिओ कॉल लावला, शाईचं बोट दाखवलं. तिकडून आई काहीतरी बोलली, मग कागद-पेन घेऊन बसली.

"बाबा, आई इकडं येऊन राह्यली," संदुनी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तिच्या व्हिसाच्या फॉर्मवर पत्ता लागते. भारतात कोनाच्या घरी उतरनार म्हून. तुमीच सांगा."

प्रेमानंदांनी झारा हातातच धरला, फोनसमोर आले, आणि जावक टपालाचा मजकूर सांगावा तसे एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "लिहा विहीनबाई. संदुनी गजभिये यांचे घर. मुक्काम पोस्ट खापा."

पत्त्यात त्यांनी स्वतःचं नाव घेतलंच नाही, हे प्रेमिलाबाईंच्या लक्षात आलं.

संदुनीनं ते आईला तिच्या भाषेत सांगितलं, एकदा, मग पुन्हा एकदा. मग नाक ओढलं, डोळे पुसले आणि ओरडली, "बाबा, अवो, भजे जळून राह्यले ना!"